गाडीचं दार आतून उघडत नाही, हँडल बदललं तरी पुन्हा तेच

बाहेरून दार व्यवस्थित उघडतं, आतून हँडल ओढलं की काहीच होत नाही. हा त्रास ज्याला एकदा झाला त्याला तो बहुतेक परत परत होतो, आणि दर वेळी उत्तर एकच मिळतं, हँडल गेलंय, बदलून टाका. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल मी तीनदा बदललं. पहिलं तुटलं तेव्हा वाटलं प्लास्टिक जुनं झालं असेल, दुसरं वर्षाच्या आत गेलं तेव्हा वाटलं पार्ट हलका निघाला, तिसऱ्या वेळी आई मागे बसली होती, मी उतरून डिकीतून सामान काढत होतो आणि ती आत हँडल ओढत होती, उघडेना म्हणून काचेवर टकटक करत होती, ते बघितलं आणि ठरवलं की आता पूर्ण दार खोलून बघायचं, नुसतं हँडल नाही. आत जे दिसलं ते सांगायलाच हे लिहितोय. हँडल बिचारं शेवटी तुटत होतं, दुखणं लॅचमध्ये होतं, म्हणजे दाराच्या कडेला असलेल्या, दार पकडून ठेवणाऱ्या यंत्रणेत. लॅच कोरडं पडून इतकं कडक झालेलं की ते सोडवायला दर वेळी दुप्पट जोर लागायचा, आणि तो सगळा जोर हँडलच्या दोन बारीक प्लास्टिकच्या कानांवर यायचा. नवं हँडल लावलं की काही महिने चालायचं आणि परत तेच. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी हे पूर्ण वाचा.

दुरुस्ती होईपर्यंत एक गोष्ट पाळा. आतून न उघडणाऱ्या दाराशी लहान मूल, वयस्कर माणूस किंवा ज्याला चटकन हालचाल जमत नाही असं कोणी बसवू नका. गाडीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की हे दार बंद आहे, वेळ आली तर काच खाली करून बाहेरचं हँडल ओढायचं नाहीतर दुसऱ्या बाजूने उतरायचं. बाहेरून उघडतंय ना मग चालतंय की, असं म्हणून सहा सहा महिने लोक गाडी वापरतात, पण धडक बसून बॅटरी गेली आणि पॉवर विंडो बंद पडली तर तोच माणूस आत अडकतो.

आधी जे हाताने बघता येतं ते

मागचं दार असेल तर पहिला संशय चाइल्ड लॉकवर. दार बाहेरून उघडा आणि दाराच्या कडेला, जिथे लॅच दिसतं, त्याच्या आसपास बघा, एक छोटा सरकणारा खटका असतो नाहीतर किल्लीने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवायची एक खाच. तो लागला की फक्त आतलं हँडल लॅचपासून सुटतं, बाहेरचं चालूच राहतं, म्हणजे लक्षण हुबेहूब तुमच्या तक्रारीसारखंच. गाडी धुताना कपड्याने किंवा सामान चढवताना हा खटका नकळत सरकतो. आणि हे पण लक्षात घ्या की तो अर्धवट पण अडकतो, दिसायला बंद असतो पण आतला लिव्हर पूर्ण परत आलेला नसतो, म्हणून आठ दहा वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद करून बघा. महागड्या काही गाड्यांमध्ये हेच काम ड्रायव्हरजवळच्या बटणाने होतं, तिथे ते बटण बघा.

मग लॉक. काही गाड्यांत पुढचं हँडल ओढलं की लॉक आपोआप सुटतं, काहींत पहिल्या ओढीला लॉक सुटतं आणि दुसऱ्या ओढीला दार उघडतं, काहींत लॉकची खुट्टी हाताने वर केल्याशिवाय हँडल कितीही ओढलं तरी काही होत नाही. एका गाडीची सवय लागलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की त्याला दार बिघडलंय असंच वाटतं. शिवाय चालू गाडीचा वेग थोडा वाढला की आपोआप लॉक होणाऱ्या गाड्या असतात, त्यातल्या काही थांबल्यावर आपोआप उघडत नाहीत. आणि काही गाड्यांमध्ये रिमोटने विशिष्ट पद्धतीने लॉक केलं तर आतलं हँडल मुद्दामच निकामी केलं जातं, काच फोडून हात घातला तरी चोराला दार उघडता येऊ नये म्हणून. अशी गाडी असेल तर आत माणूस असताना बाहेरून रिमोटने लॉक करायची सवय बंद करा. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते गाडीच्या पुस्तकात असतं, पाच मिनिटं घालवून वाचा.

ज्या नव्या गाड्यांमध्ये हँडलच्या जागी बटण असतं त्यांचं गणित वेगळं आहे, तिथे लॅच विजेवर सुटतं. त्यात वीज गेली तर वापरायचा एक हाताने ओढायचा लिव्हर किंवा दोरी कुठेतरी दिलेली असते, कधी आर्मरेस्टच्या पुढे, कधी दाराच्या कप्प्याखाली, आणि मागच्या दारांना तो असेलच असं नाही. तो आत्ताच शोधून एकदा हात लावून ठेवा.

हँडल हाताला काय सांगतंय

हे सगळं ठीक असेल तर आता हँडल हळू ओढा, झटका न देता, आणि बोटांना काय कळतंय ते बघा. निम्मं निदान इथेच होतं आणि हीच पायरी सगळे वगळतात.

हँडल लुळं पडलंय, काहीच ताण नाही, सोडलं तरी आपणहून मागे जात नाही, तर पुढची जोडणी पूर्ण सुटलेली आहे. केबल तुटली, केबलचं टोक हँडलच्या खाचेतून निसटलं, नाहीतर हँडलचा आतला तुकडाच मोडला.

हँडल सुरुवातीला ढिलं आणि अगदी शेवटी थोडा ताण लागतो, आणि कधी उघडतं कधी नाही, तर केबलमध्ये ढिलाई आलीय. हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

हँडल कडक, जोर लावावा लागतो, मधेच थांबल्यासारखं होतं, तर लॅच किंवा केबलची आतली तार सुकलीय, गंजलीय. या अवस्थेत जोर लावून चालवत राहिलात की पुढे हँडल तुटणार हे ठरलेलं, माझं असंच झालं.

आणि हँडल अगदी नेहमीसारखं लागतंय, ताण पण आहे, परत पण जातंय, पण दार हलत नाही, तर चाइल्ड लॉक, लॉकची मोटर किंवा लॅचच्या आतला एखादा लिव्हर.

आणखी एक साधी चाचणी करा. आत बसून एका हाताने आर्मरेस्ट धरून दार स्वतःकडे आत ओढा, आणि तसंच ओढून धरून दुसऱ्या हाताने हँडल ओढा. अशाने सहज उघडलं तर लॅचवर दाराचा दाब जास्त येतोय असं समजा, म्हणजे स्ट्रायकर सरकलेला असेल, बिजागरी झिजून दार खाली बसलं असेल, किंवा दाराचं रबर नवीन बसवलेलं असेल. स्ट्रायकर म्हणजे गाडीच्या खांबावरची ती जाड यू आकाराची लोखंडी कडी जिला लॅच पकडतं. दार उघडून त्याचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून बघा, बिजागरीत कुईकुई किंवा खेळ जाणवला तर तिकडे आधी लक्ष द्या. असं दार लावताना आपटावं लागतं, आपटल्याने लॅच अजून खिळखिळं होतं, आणि हे चक्र चालूच राहतं.

वेळ पण बघा कधी बिघडतं. फक्त कडाक्याच्या थंडीत सकाळी उघडत नसेल आणि ऊन चढल्यावर उघडत असेल तर बहुतेक केबलमध्ये किंवा लॅचमध्ये पाणी शिरून गोठतंय. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर दोन दिवस कडक लागत असेल तरी पाणीच.

आत नेमकं असतं काय

आतल्या हँडलपासून लॅचपर्यंत एक केबल जाते, जुन्या गाड्यांत तिच्या जागी लोखंडी रॉड असतो. बाहेरच्या हँडलचा रस्ता वेगळा, तो लॅचच्या दुसऱ्या लिव्हरला जोडलेला असतो, म्हणूनच बाहेरून उघडतं आणि आतून नाही असं होऊ शकतं. याचा फायदा घ्या, बाहेरून हलक्या हाताने उघडत असेल तर लॅचचा मुख्य भाग बहुतेक ठीक आहे, दोष हँडल, केबल किंवा आतल्या लिव्हरच्या बाजूला आहे. बाहेरून पण कडक लागत असेल तर लॅचच दोषी.

लॅचमध्ये एक फिरणारा आकडा असतो आणि त्याला अडवून धरणारा एक खटका. दार लावलं की स्ट्रायकर आकड्याला फिरवतो, पहिला खट झाला की अर्धं लॉक, दुसरा खट झाला की पूर्ण. हँडल ओढणं म्हणजे तो अडवणारा खटका बाजूला सारणं, बाकी दार उघडायचं काम आकड्याची स्प्रिंग आणि रबराचा दाब करतो. खटका हलायला फक्त काही मिलिमीटर लागतात. हे काही मिलिमीटर डोक्यात ठेवा, कारण केबलमध्ये तेवढेच हरवले तर हँडल कितीही ओढा दार उघडत नाही.

आता केबल. ही सायकलच्या ब्रेकला असते तशीच, बाहेर कडक नळी आणि आत तार. अशी केबल काम करते ते नळीची दोन्ही टोकं घट्ट पकडलेली असतात म्हणून. तार ओढली जाते तेव्हा नळी तितक्याच जोराने उलट बाजूला ढकलली जाते. हे ज्याला समजलं त्याला अर्धे बिघाड समजले. नळीचं टोक धरणारी जी प्लास्टिकची क्लिप हँडलच्या किंवा लॅचच्या फ्रेममध्ये बसते ती तडकली तर काय होतं बघा, तुम्ही हँडल ओढता, तार ओढली जाण्याऐवजी अख्खी केबल नळीसकट सरकते, आणि लॅचपर्यंत काहीच पोचत नाही. केबल अखंड असते, हँडल अखंड असतं, लॅच चांगलं असतं, बघणाऱ्याला काहीच तुटलेलं दिसत नाही, मग तो हँडल बदलून देतो. नवं हँडल बसवताना केबल हलवल्यामुळे ती क्लिप तात्पुरती जागेवर बसते, दार उघडायला लागतं, सगळे खूश, आणि पंधरा दिवसांनी परत तेच. वारंवार होणाऱ्या बिघाडामागे हे कारण मला ओळखीच्या दोन गाड्यांमध्ये सापडलं.

दाराचं पॅड काढणं

पॅड म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण. बाहेरून दार उघडत असेल तर ते काढायचं काम घरी करण्यासारखं आहे, दीड दोन तास मोकळे ठेवा आणि घाई नको. काच पूर्ण वर ठेवा म्हणजे आत हात घालायला जागा मिळते. दारात साइड धडकेचा सेन्सर असलेल्या गाड्या असतात, म्हणून इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा, मगच कनेक्टरला हात लावा. रेडिओचा कोड लागणारी जुनी गाडी असेल तर तो आधी हाताशी ठेवा.

स्क्रू लपलेले असतात. एक हँडलच्या मागच्या वाटीत छोट्या झाकणाखाली, एक किंवा दोन आर्मरेस्टच्या पकडायच्या खोबणीत, कधी आरशाच्या त्रिकोणी तुकड्यामागे, कधी दाराच्या कडेला. हे सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढू नका, न निघणाऱ्या जागी जोर लावला की पॅड तडकलंच. काच हाताने फिरवायची असेल तर त्या हँडलच्या मागे एक स्प्रिंगची क्लिप असते, जुनं सुती फडकं दोन्ही बाजूंनी धरून हँडलच्या मागे घालून पुढेमागे ओढलं की ती उडून बाहेर येते, हात आडवा धरा नाहीतर हरवते. नंतर खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवत वर या, लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरायचाच असेल तर त्याला कापड गुंडाळा. सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड सरळ बाहेर ओढायचं नाही, वर उचलायचं, कारण काचेच्या कडेला ते अडकवलेलं असतं. आणि उचललं की झटकन बाजूला ठेवू नका, मागे स्विचच्या वायरी आणि हँडलची केबल लटकत असते. फोनने आधी दोन तीन फोटो काढून ठेवा, कुठली केबल कुठल्या खाचेत होती ते परत बसवताना हमखास आठवत नाही.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा काळ्या चिकट लगद्याने चिकटवलेला असतो. तो फाडू नका. एका बाजूने हळू सोडवून तेवढा दुमडा. तो पाणी अडवतो, काचेवरून दारात उतरणारं पाणी पॅडकडे न येता खालून निघून जावं म्हणून तो आहे. माझ्या दारात तो आधीच कोणीतरी अर्धा फाडून तसाच सोडलेला होता, म्हणजे पहिल्या हँडलच्या वेळी.

आता बघायचं काय

टॉर्च घ्या आणि हँडल ओढताना फक्त केबलकडे बघा. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला हँडल ओढायला सांगा आणि तुम्ही नळीच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवा. नळी जराही सरकली तर वर सांगितलेली क्लिप गेली. नळी स्थिर आहे पण तारेचं टोक लॅचच्या लिव्हरला ओढण्याआधी बरंच अंतर रिकामं जातंय तर तार ताणली गेलीय किंवा केबलचा ताण कमीजास्त करायचा ॲडजस्टर सरकलाय. तारेचे धागे सुटून झाडूसारखे पिंजारलेले दिसले तर आज ना उद्या तुटणार, बदला. रॉड असेल तर त्याच्या टोकाला असलेली फिरवून लावायची प्लास्टिकची क्लिप बघा, ती वाळून तुटते आणि रॉड खाली पडतो, अशा गाडीत दार लावताना आत काहीतरी खुळखुळतं.

हँडल उलटं करून बघा. त्याच्या पिनेच्या दोन बाजूंना प्लास्टिकचे जे कान असतात तिथे केसासारखी बारीक रेघ दिसली की ते तडकलंय. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, तिथे येणारा जोर कुठलाच गोंद धरत नाही.

मग लॅचची चाचणी, आणि ही दार उघडं असतानाच करायची. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने लॅचमधला आकडा दार लागल्यासारखा फिरवा, एक खट, दुसरा खट. आता आतलं हँडल ओढा. आकडा टक्कन उडून परत आला पाहिजे. हळूहळू सरकत आला, अर्ध्यावर थांबला, किंवा तुम्हाला स्क्रूड्रायव्हरने मदत करावी लागली, तर लॅच सुकलंय. हेच बाहेरच्या हँडलने पण करा. या चाचणीनंतर आकडा बंद अवस्थेत असताना चुकूनही दार लावू नका, स्ट्रायकर त्यावर आपटतो आणि लॅच किंवा दार दोन्हीपैकी काहीतरी वाकतं. दार लावण्याआधी आकडा उघडा आहे ना हे बघायची सवयच लावून घ्या.

माझ्या लॅचमध्ये आकडा दुसऱ्या खटनंतर हलायलाच तयार नव्हता. हँडल दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा सुटला, तो पण सावकाश. आत जुनं ग्रीस होतं, पण ते ग्रीस राहिलंच नव्हतं, धूळ आणि बारीक वाळू मिसळून त्याचा तपकिरी, मेणासारखा घट्ट थर झालेला, नखाने खरवडला तर वड्या निघत होत्या. तीन हँडलं या थराने खाल्ली.

साफसफाई, आणि इथे होणारी चूक

बहुतेक लोक गंज सोडवणारा पातळ स्प्रे मारतात, दार मोकळं होतं आणि काम झालं म्हणून सोडून देतात. तो स्प्रे साफ करायला चांगला आहे, पण तो उडून जातो आणि जाताना होतं नव्हतं ते ग्रीस पण धुऊन नेतो. महिन्या दोन महिन्यांत लॅच आधीपेक्षा कोरडं. म्हणून दोन पायऱ्या करा. आधी पातळ स्प्रे किंवा ब्रेक क्लीनर मारून जुना थर सोडवा, जुन्या टूथब्रशने घासा, आकडा फिरवत राहा, खाली फडकं धरा, काळं पाणी येणं थांबेपर्यंत हे करा. ब्रेक क्लीनर रंगावर आणि पॅडच्या प्लास्टिकवर उडू देऊ नका. मग पूर्ण सुकू द्या, आणि नंतर पांढरं लिथियम ग्रीस लावा, स्प्रेमध्ये मिळतं ते नळी लावून आत मारा, आणि परत वीस पंचवीस वेळा आकडा चालवा म्हणजे ते सगळीकडे पोचतं. वरून आलेलं जास्तीचं पुसून टाका, नाहीतर त्यालाच धूळ चिकटते आणि कपडे पण खराब होतात. रबराला हे ग्रीस नको, तिथे सिलिकॉन स्प्रे. किल्लीच्या भोकात पण ग्रीस नको, तिथे ग्राफाइटची कोरडी पूड.

केबलची आतली तार कडक असेल तर हँडलच्या बाजूचं टोक वर धरून नळीत थोडं पातळ तेल सोडा आणि तार पुढेमागे करा. मोकळी झाली तर ठीक, गंजाचं लाल पाणी खालून आलं तर केबल बदलणं बरं, गंजलेली तार परत अडकतेच.

ढिलाई असेल आणि केबलला ॲडजस्टर असेल तर एक ते दोन मिलिमीटर मोकळा खेळ ठेवून ती ताणा. शून्य खेळ ठेवायचा मोह होतो, हँडलला हात लावला की लगेच दार उघडलं पाहिजे असं वाटतं, पण तसं करू नका. केबल कायम ताणलेली राहिली तर अडवणारा खटका पूर्ण बसत नाही आणि चालत्या गाडीत दार उघडू शकतं. न उघडणाऱ्या दारापेक्षा हे कितीतरी वाईट. ॲडजस्टर नसेल तर काही जण नळीच्या टोकाशी वॉशर किंवा नळीचा तुकडा घालून ढिलाई काढतात, घरी पोचण्यापुरतं ठीक आहे, कायमचं नको. तुटलेल्या क्लिपच्या जागी केबल टाय बांधण्याचं पण तेच, ताणाने तो सैल होतोच. क्लिप बऱ्याचदा सुटी मिळत नाही, केबलसकट घ्यावी लागते, घ्या.

लॅच बदलायचंच असेल तर दाराच्या कडेला तीन स्क्रू असतात, बहुधा ताऱ्याच्या आकाराचे नाहीतर मोठे चौफुलीचे, आणि ते फार घट्ट असतात कारण त्यांना कंपनीतूनच गोंद लावलेला असतो. बरोबर मापाचं टोक पूर्ण आत बसवून, दाबून धरून, एका झटक्यात सोडवा. चुकीच्या मापाने डोकं घासलं गेलं की ड्रिल करण्याशिवाय उपाय राहत नाही. स्ट्रायकर हलवायचा असेल तर सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा आणि एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा.

दोन्हीकडून उघडत नसेल तर

हा त्रासदायक प्रकार. दार बंद, त्यामुळे पॅडचे कडेचे स्क्रू दिसत नाहीत. आधी हे करून बघा, एकाने आत बसून हँडल ओढून धरायचं, दुसऱ्याने बाहेरचं हँडल ओढून धरायचं, आणि तिसऱ्याने रिमोटने लॉक अनलॉक करत राहायचं. त्याचवेळी बाहेरच्याने दार लॅचच्या जागी तळहाताने आत दाबून सोडायचं, दाबून सोडायचं. लॉकची मोटर अर्ध्यावर अडकली असेल किंवा लॅच सुकलं असेल तर बरेचदा यात सुटतं. रिमोट दाबल्यावर बाकी दारांचा खट आवाज येतो आणि या दाराचा येत नाही, किंवा नुसतंच घरघरतं, तर मोटर किंवा तिच्या आतले प्लास्टिकचे दाते गेलेत. आवाज अजिबातच नसेल तर दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतली वायर पण बघा, दार उघडून मिटून ती वर्षानुवर्षं वाकते आणि आतल्या आत तुटते, काच आणि स्पीकर पण अधूनमधून बंद पडत असतील तर नक्की तिथेच.

एकदा का असं दार उघडलं की मग ते दुरुस्त होईपर्यंत लावू नका. चाललंय की, म्हणून परत लावलं आणि परत अडकलं तर पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. अजिबात न उघडल्यास सीट काढून, पॅड आतून वाकवून वगैरे उघडावं लागतं, ते काम अनुभवी माणसाकडे द्या, पॅडचं नुकसान होणार हे धरून चाला.

पाण्याचा बंदोबस्त केल्याशिवाय पॅड लावू नका

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. माती आणि पानांच्या चुऱ्याने ती बुजतात, पाणी आत साचतं, ओल वर चढते आणि लॅच, केबल, मोटरचे कनेक्टर सगळं सडतं. दार हलवल्यावर आत डुचमळल्यासारखा आवाज येत असेल तर खात्रीच. प्लास्टिकच्या काडीने किंवा केबल टायच्या टोकाने ती मोकळी करा, तारेने खरवडू नका, रंग गेला की तिथूनच गंज सुरू. माझ्या दारातून जवळपास पेलाभर गढूळ पाणी निघालं. मग पडदा परत चिकटवा, जुना लगदा गरम केला तर परत चिकटतो, फाटलेला भाग जाड प्लास्टिकने आणि पाण्यात न सुटणाऱ्या टेपने झाका. काचेच्या बाहेरच्या कडेचं रबर तडकलं असेल तर पाणी तिथूनच जास्त उतरतं, ते पण बदलून घ्या.

पॅड लावण्याआधी केबल आणि काढलेले कनेक्टर जोडून, मग बॅटरीची तार परत लावून, आकडा स्क्रूड्रायव्हरने बंद करून आतून दहा वेळा, बाहेरून दहा वेळा सोडवा. चाइल्ड लॉक लावून आतून सुटत नाही ना, काढून सुटतंय ना, सेंट्रल लॉक लावून काढून बघा. मग आकडा उघडा ठेवून, काच खाली घेऊन दार प्रत्यक्ष लावा आणि आतून उघडा. काच खाली अशासाठी की नाहीच उघडलं तर हात बाहेर घालता येतो. सगळं बरोबर चाललं तरच क्लिपा दाबा.

माझ्या दाराला चौथं हँडल लावून आता तीन वर्षं होतायत. दर सहा महिन्यांनी चारही दारांच्या लॅचवर फडकं फिरवून ग्रीस मारतो, दाराला जेमतेम पाच मिनिटं लागतात, आणि आई आता एका बोटाने हँडल ओढून उतरते.